खारीच्या किडन्या आणि आमच्या घरचा स्वयंपाक

आमच्या कुत्रीला, खारीला, किडनीचा आजार आहे आणि तो बराच पुढे गेलाय हे कळल्यापासून सगळे मला एकच विचारतात, मग आता खायला काय घालता तिला? सलाईन, गोळ्या, खर्च हे सगळं नंतर, आधी खाणं. आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण ह्या आजारात सगळी मारामारी भांड्यापाशीच होते. आपल्याकडे प्रेम करायचं म्हणजे खाऊ घालायचं, आणि हा आजार नेमका तिथेच येऊन बसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे कुणी विचारलं की लिंक पाठवता येईल.

खारी आमची देशी कुत्री. वय बाराच्या पुढे, नक्की माहीत नाही कारण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडली होती. पिल्लू असताना चहाबरोबरची खारी पळवायची म्हणून खारी. सातारची असल्यामुळे थोडी तिखट आहे असं माझा नवरा म्हणतो, ते सोडा.

सुरुवात पाण्यापासून झाली. भांडं भरून ठेवावं तर रिकामं, परत भरावं तर परत रिकामं, आणि रात्री उठून दाराशी कुईं कुईं. उन्हाळा होता म्हणून सगळ्यांनी उन्हाळ्यावर ढकललं. पण लघवी अगदी पाण्यासारखी, ना रंग ना वास, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जे सांगितलं ते मला फार नीट कळलं म्हणून इथे लिहिते. कुत्रं जास्त पाणी पितं म्हणून जास्त मुततं असं आपल्याला वाटतं, पण ह्या आजारात असतं उलटं, किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी नुसतं वाहून जातं आणि ते भरून काढायला बिचारं पीत सुटतं. साधारण दोन तृतीयांश किडनी कामातून गेली की ही ताकद जाते, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत पाऊण किडनी गेलेली असते. म्हणजे रिपोर्टमध्ये पहिल्यांदा लाल अक्षर दिसतं तेव्हा खेळ निम्म्याहून जास्त झालेला असतो. 'आधी कळलं असतं तर' हे वाक्य आमच्या घरात त्या दिवसापासून बंद आहे.

तिचं क्रिएटिनिन होतं ५.८. आयरिस म्हणून किडनीवाल्या पशुवैद्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, त्यांच्या हिशोबाने कुत्र्यात १.४ च्या आत स्टेज १, २.८ पर्यंत स्टेज २, ५ पर्यंत स्टेज ३ आणि ५ च्या वर स्टेज ४. पण डॉक्टर म्हणाले आत्ताच स्टेज ठरवू नका, ती पाण्यावाचून सुकलीय, आधी सलाईन देऊ आणि मग स्थिर झाल्यावर बघू. ॲडमिट केलं, शिरेतून सलाईन दिलं, थोडं खाली आलं आणि ५.३ ला अडकलं. म्हणजे स्टेज ४ च. नंतर शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात सोनोग्राफीला नेलं, तिथे स्क्रीनभोवती पाच-सहा विद्यार्थी आणि मध्ये आमची बाई शांत पडलेली. दोन्ही किडन्या आक्रसलेल्या, आतले थर वेगळे ओळखू येत नाहीत. जाताना बोगद्यातून सुसाट गेलो, येताना खंबाटकी घाटाच्या वळणांवर तिने माझ्या ओढणीत उलटी केली. कारण काय असेल विचारलं तर म्हणाले आता सांगता येणार नाही, लहानपणी गोचीड ताप झालेला त्याचाही हात असू शकतो, नसूही शकतो. किडनी एकदा आक्रसली की कशामुळे आक्रसली हे ती सांगत नाही.

आता खाणं.

खरा व्हिलन फॉस्फरस. सगळ्यांना वाटतं प्रोटीन बंद करायचं, माझ्या नणंदेने तर तिला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेव म्हणून फोनवर सांगितलं. पण प्रोटीन एकदम तोडलं की अंगावरचं मांस झडतं आणि कुत्रं अजूनच खचतं. थोडं द्यायचं पण चांगल्या प्रतीचं, आणि फॉस्फरस कमी असलेलं. बिघडलेल्या किडनीला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो, मग शरीर हाडातलं कॅल्शियम ओढायला लागतं, मळमळ वाढते आणि उरलीसुरली किडनीसुद्धा लवकर संपते. स्टेज ४ मध्ये तो ६ च्या खाली ठेवा म्हणतात, खारीचा होता ९.२. आणि फॉस्फरस कशात असतो बघा, दूध, दही, पनीर, अंड्याचा पिवळा बलक, कलेजी, हाडं, सुकट. म्हणजे तिला आयुष्यभर जे जे आवडलं त्याची यादीच! सुकटीचा डबा उघडला की ती तिसऱ्या खोलीतून यायची, तो डबा आता शेजारच्या काकूंकडे मुक्कामाला आहे.

किडनीच्या कुत्र्यांसाठी तयार खाणं मिळतं, रॉयल कॅनिनचं रेनल, हिल्सचं के/डी. महाग आहे पण त्यामागे काम आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३८ आजारी कुत्र्यांवर अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला, साधारण निम्म्यांना किडनीचं खाणं आणि बाकीच्यांना साधं, तर किडनीचं खाणारी कुत्री बरीच जास्त जगली आणि किडनीने न टाकलेला कचरा रक्तात साठून विष चढतं, ते झटकेही त्यांना कमी आले. हे वाचून मी लगेच पिशवी मागवली. खारीने दोन दिवस खाल्लं, तिसऱ्या दिवशी भांडं नाकाने ढकलत पायपुसण्याखाली नेऊन ठेवलं.

ह्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मळमळत असताना किंवा दवाखान्यात ॲडमिट असताना नवीन खाणं सुरू करायचं नाही. त्या खाण्याचा आणि मळमळीचा त्यांच्या डोक्यात कायमचा संबंध जुळतो आणि मग बरं वाटत असलं तरी त्याला तोंड लावत नाहीत. आधी उलटीचं औषध, पोट शांत, मग हळूहळू जुन्यात नवीन मिसळायचं. आणि कडू गोळी तिच्या लाडक्या पदार्थात लपवायची नाही, नाहीतर तो लाडका पदार्थही गेला. आम्ही गोळीसाठी उकडलेल्या रताळ्याचा एक छोटा गोळा वेगळा ठेवतो, तो जेवणात कधीच येत नाही. त्याच्यावर रुसली तर रुसू दे.

शेवटी जे जमलं ते असं: पांढरा तांदूळ मऊ शिजवून, अंड्याचं पांढरं, लाल भोपळा, थोडं चिकन उकडून त्याचं पाणी टाकून दिलेलं, कारण उकडलं की बराच फॉस्फरस पाण्यात उतरतो, आणि वरून डॉक्टरांनी सांगितलेलं फिश ऑईल. मीठ नाही, कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही नाही. हा नुसता भात-अंडं महिनोन्महिने पुरत नाही बरं का, त्यात कॅल्शियम आणि व्हिटॅमिनं कमी पडतात, ती पावडर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या, माझं बघून करू नका. पिवळे बलक साठायला लागले म्हणून आमच्याकडे हल्ली बुर्जी नुसत्या बलकाची होते, मुलगा म्हणतो आई ही बुर्जी आहे का बेसन.

मग आला श्रावण. आमच्याकडे श्रावणात घरात अंडं येत नाही, सासूबाईंचं कडक असतं. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं, तेवढ्यात त्या स्वतःच म्हणाल्या, "गॅलरीत शेगडी लाव, पातेलं वेगळं ठेव, तिला काय श्रावण माहिती." झालं भाषण.

पण ह्याच सासूबाई दुपारी मी ऑफिसात असताना तिला तूप लावलेली चपाती दुधात कुस्करून घालत होत्या, हे मला कामाच्या मावशींकडून कळलं. मी चिडले. फॉस्फरसचा तक्ता दाखवला, रिपोर्ट दाखवला. त्या ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुझ्या तक्त्यातलं सगळं बरोबर आहे गं, पण ती सकाळपासून उपाशी होती, माझ्याकडे बघत होती." आणि मी हे डॉक्टरांना फोन करून तक्रार म्हणून सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, ताई, ह्या स्टेजला न खाण्यापेक्षा काहीही खाल्लेलं बरं. दूध जरा कमी करा, चपाती चालू द्या. योग्य खाणं भांड्यात पडून राहिलं तर त्याचा तिला काय उपयोग.

ह्यावर मी बरेच दिवस विचार करत होते आणि आता माझं ठाम मत झालंय की तक्ता हा स्टेज २, ३ ला बायबल, स्टेज ४ ला सल्ला. भूक असेल त्या दिवशी शिस्त, नसेल त्या दिवशी सासूबाई.

आणि भूक नसणं म्हणजे नखरे नाहीत हे आधी ओळखायला शिका. खारी भांड्यापर्यंत येते, वाकते, हुंगते, मग ओठ चाटते, दोनदा आवंढा गिळते, आणि माझ्याकडे एकदा बघून लांब जाऊन भिंतीकडे तोंड करून बसते. हे ओठ चाटणं म्हणजे मळमळ. खायचंय तिला, पण जात नाही. तोंडाला अमोनियासारखा उग्र वास यायला लागतो, जिभेच्या कडेला फोड येतात, एकदा मी ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्या फटक. तो रक्त कमी झाल्याचा प्रकार, कारण रक्त बनवायचा निरोप देणारं इरिथ्रोपोएटिनही किडनीच तयार करते. मळमळीला मॅरोपिटंट आणि ऑन्डॅन्सेट्रॉन, भूक लागायला मिर्टाझापीन, तोंडाला क्लोरहेक्सिडिन पातळ करून. ज्या दिवशी उलटीची गोळी वेळेवर जाते त्या दिवशी अर्ध्या तासाने जेवण जातं, एवढं सरळ गणित आहे.

फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळीही चालू आहे, सेव्हेलमर. ती डायलिसिसच्या माणसांची गोळी. मेडिकलवाल्या दादांनी पहिल्यांदा चिठ्ठी बघून आवाज खाली केला, "घरात कुणाला आहे?" मी म्हटलं, खारीला. त्यांनी बिलावर नाव 'श्रीमती खारी' लिहिलं आणि नंतर जेव्हा कळलं तेव्हा स्वतःच्या लॅब्राडॉरचे फोटो दाखवत बसले, मागे गिऱ्हाईक उभं. ह्या गोळीची गंमत अशी की ती पोटात अन्नाबरोबरच काम करते, रिकाम्या पोटी दिली तर काहीच उपयोग नाही. म्हणजे जेवली नाही तर गोळीही नाही. फिरून परत भांड्यापाशीच.

सलाईनबद्दल लोक उगाच घाबरतात. घरी देतो ते शिरेतून नसतं, कातडीखाली देतात. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं तेच. बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करायची, थंड गेलं की ती शहारते. पडद्याच्या रॉडला हुक लावून बाटली वर टांगायची, नळीतली हवा काढायची, गुलाबी बुडाची १८ नंबरची सुई, दरवेळी नवीन. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून वर उचलायची आणि त्या पोकळीत सुई सरळ घालायची. पहिल्यांदा माझ्या हाताला एवढा घाम की चिमूट सुटत होती. आता मुलगा समोर बसून तिला अभ्यासाचं वाचून दाखवतो, इतिहास वाचला की झोपते. संपलं की पाठीवर उंटासारखी मदार येते आणि थोड्या वेळाने ती घसरत पुढच्या पायावर उतरते, घाबरायचं नाही, संध्याकाळपर्यंत जिरतं. जिरलंच नाही किंवा श्वास जोरात चालू झाला तर मात्र पुढचं सलाईन थांबवून डॉक्टरांना फोन. एक सांगते, नुसतं 'सलाईन द्या' म्हटलं तर दुकानातला पोरगा हाताला येईल ती बाटली देतो, डीएनएस (म्हणजे ग्लुकोजवालं) आहे का आरएल हे लेबल स्वतः वाचा. ग्लुकोजवालं कातडीखाली द्यायचं नाही, गळू होऊ शकतं. किती आणि किती दिवसांनी हे वजनावर आणि हृदयावर ठरतं, ते डॉक्टरच सांगणार. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवून दवाखान्यात नेऊन द्या, घंटागाडीत टाकू नका, तिथे माणसं हाताने कचरा वेगळा करतात.

मध्यंतरी एक मजा झाली, म्हणजे मजा नाही. क्रिएटिनिन ४.६ आलं. मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला, मणके एक एक मोजता येत होते. म्हणाले, क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, स्नायूच कमी झाले की आकडा आपोआप खाली येतो. म्हणजे रिपोर्ट सुधारला होता कारण कुत्रं वाळलं होतं. त्या दिवसापासून मी वजनकाट्यावर आधी विश्वास ठेवते. तिला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं, तोटा एवढाच की स्वतःचंही वजन दर आठवड्याला कळतं.

डायलिसिस का नाही करत, हेही विचारतात. कुत्र्यांचं डायलिसिस असतं, भारतात अगदी मोजक्या ठिकाणी, पण ते मुख्यतः अचानक किडनी बंद पडली तर, लेप्टो (उंदरांच्या मुतातून होणारा आजार) झाला, विष पोटात गेलं वगैरे, तेव्हा किडनीला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आक्रसलेल्या किडनीला सावरण्यासारखं काही उरलेलं नसतं. तेव्हा ते नाही.

आणि हात जोडून एक विनंती. म्हातारं कुत्रं लंगडतंय म्हणून घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. खारीचे मागचे पायही दुखतात, आणि कॉम्बिफ्लामची अर्धी गोळी द्या असं सांगणारे मला तीन वेगवेगळे शहाणे भेटलेत. आयब्युप्रोफेन (कॉम्बिफ्लाममध्ये असतं ते), डायक्लोफेनॅक ह्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, चांगल्या किडनीलाही झेपत नाही. आपल्याकडची गिधाडं कशी संपली ते आठवा, डायक्लोफेनॅक टोचलेली मेलेली जनावरं खाऊन त्यांच्या किडन्या बंद पडल्या, शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. आम्ही गरम पाण्याची पिशवी आणि जमिनीवर जुन्या सतरंज्या, एवढ्यावर भागवतो, फरशीवर पाय घसरले नाहीत की निम्मं दुखणं कमी.

आता जे कुणी विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं त्याबद्दल. झोपेचं इंजेक्शन. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं गरज पडली तर परत ॲडमिट करू. मी नको म्हटलं, कारण पिंजऱ्यात ती काहीच खात नाही, नुसती दाराकडे बघत राहते. शेवटी असं ठरलं की इन्फेक्शनसारखं काही बरं होण्याजोगं कारण सापडलं तर एकदा ॲडमिट, नाहीतर घरी. सासूबाई तर इंजेक्शनचा विषयच काढू देत नव्हत्या. खंडोबाचं कुत्रं, त्याला सुई टोचून मारायचं? पाप कुठे फेडाल? मी वाद घातला नाही. मग दिवाळीनंतर तिला एक वाईट आठवडा आला, उलट्या थांबेनात, तोंडातल्या फोडांमुळे पाणीही पिता येईना, उभी राहिली की मागून कोसळायची. सासूबाई रात्रभर तिच्याजवळ खाली बसून होत्या, गुडघे दुखतात तरी. ती त्यातून वर आली, औषध बदललं, खायला लागली. त्यानंतर एके दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "परत तसं झालं आणि दोन दिवसांत उठली नाही तर त्या डॉक्टरला बोलाव. मी आत देवापाशी बसेन, पण बोलाव."

डॉक्टरांना मी विचारून ठेवलंय, ते घरी येतील. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, गाढ झोप लागली की मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, तिला काही कळत नाही. त्यांचा नंबर तिघांच्या फोनमध्ये आहे. हे ठरवून ठेवल्यावर घरातलं वातावरण उलट हलकं झालं, रोज सकाळी उठून 'आज का?' असं एकमेकांकडे बघणं थांबलं.

सध्या वजन टिकून आहे. बीपी १७० होतं, ॲम्लोडिपीन चालू केल्यावर १५० च्या आसपास आलंय, शेपटीला पट्टा लावून मोजतात, तेवढ्यापुरतीच ती शेपूट हलवायची थांबते. रक्त वाढायचं इंजेक्शन नुकतंच सुरू केलंय, तेही माणसांच्या किडनी पेशंटचंच. त्याचा उपयोग झाला की नाही हे पुढच्या रक्ततपासणीत कळेल, तेव्हा इथेच खाली लिहीन. आणि कुणाच्या कुत्र्याने किडनीचं तयार खाणं सलग खाल्लं असेल तर नक्की कसं खायला घातलंत ते सांगा, आमची उरलेली अर्धी पिशवी अजून तशीच आहे.